अध्यक्षांच्या फोटोपुरते ठिपके

आमच्या पेठेतल्या गणपती मंडळाला पंच्याहत्तर वर्षं होणार म्हणून स्मरणिका काढायची ठरली आणि मुखपृष्ठ माझ्या गळ्यात पडलं. मी चित्रं काढते, तीही सगळी आयपॅडवर. त्यामुळे 'घरचीच आहे, करून देईल' हे कुणी मला विचारायच्या आधीच ठरलेलं होतं. चिटणिसांची मागणी एका वाक्याची होती. "ताई, आपलं मंडळ १९५०चं. कव्हर बघून वाटलं पाहिजे, तेव्हाच छापलंय."

मला वाटलं, दोन संध्याकाळींचं काम. वाड्याचा दरवाजा, आत गणपती, वर टांगलेली पेट्रोमॅक्सची बत्ती आणि मेळ्यातली फेटे बांधलेली चार पोरं असं चित्र तयार होतंच. ते फोटोशॉपमध्ये घेतलं, चित्राचे ठिपके करणारा कलर हाफटोनचा फिल्टर मारला, वर पिवळ्या कागदाचं टेक्स्चर पसरलं, थोडे ओरखडे, कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. इंटरनेटवर 'जुनं दिसणारं चित्र कसं करावं' विचारलं की जवळजवळ सगळे हाच स्वयंपाक सांगतात. माझी फाइल आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत आहे हेही मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक काळ्या रेषेला रंगीबेरंगी ठिपक्यांची झालर लागली होती. तीसुद्धा मला त्या दिवशी छान वाटली.

ते चित्र मी मैत्रिणीच्या वडिलांना दाखवलं. काका चाळीस वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात होते, आधी ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, आणि नंतर ऑफसेटवर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आयपॅड नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "हे जुनं नाही दिसत गं. भिजलेलं दिसतंय."

राग आला, पण ते खरं होतं.

"तुमच्या मंडळाकडे त्या वेळचं काही छापलेलं असेल ना? ते आण आधी," ते म्हणाले.

मंडळाच्या गोदरेजच्या कपाटात, ढोलांच्या फाटक्या पानांखाली, एक फाइल निघाली. वर्गणीची पावतीपुस्तकं आणि दोन कार्यक्रमपत्रिका. त्यातली एक चार पानी, मधोमध दुमडलेली, लाल आणि काळ्या शाईत. मी ती उलटसुलट करून बघितली आणि पोटात गोळा आला, कारण माझ्या चित्रातलं जवळजवळ काहीच तिच्यात नव्हतं. डाग नव्हते. ओरखडे नव्हते. कागद पिवळा होता, पण सारखा नाही. दुमडून आत राहिलेला भाग अजून बराच पांढरा होता आणि हवा-उजेड लागलेल्या कडा बिस्किटासारख्या तपकिरी. आणि मुख्य म्हणजे ठिपके नव्हते. गणपतीच्या चित्राला नाहीत, महिरपीला नाहीत, कुठेच नाहीत. ठिपके होते ते फक्त आतल्या पानावर अध्यक्षांचा फोटो होता तेवढ्यात.

काकांना यात काही नवल वाटलं नाही. चित्राचा लाइन ब्लॉक, म्हणजे नुसत्या रेषांचा धातूचा ठसा, फोटोचा ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक, मजकुराचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं. हाफटोनला पैसे जास्त पडायचे, मग तो अध्यक्षांपुरता. सगळ्या चित्रभर ठिपके हा अमेरिकी कॉमिक्सचा थाट. तिकडे बेंजामिन डे नावाच्या माणसाने १८७९च्या सुमारास सपाट रंगाच्या जागी ठिपक्यांच्या छटा छापायची युक्ती काढली आणि स्वस्त रंगीत छपाईला ती मानवली. मी पेठेतल्या गणपतीला न्यूयॉर्कचे कपडे चढवले होते.

आणखी एक गोंधळ मी केला होता तो त्यानंतर लक्षात आला. रंगांना खडूसारखा रवाळ पोत दिला होता, कारण जुन्या देवादिकांच्या चित्रांमध्ये तो असतो. पण ती चित्रं शिळाप्रेसवरची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली, किंवा रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथली पद्धत वेगळी. दर रंगाला वेगळा दगड, आणि दगडावर कारागीर हाताने टिंबं टिंबं देऊन छटा उठवणार. तो पोत हाताचा असतो, म्हणून वेडावाकडा आणि जिवंत दिसतो. ट्रेडलवर छापलेल्या पत्रिकेचा त्याच्याशी संबंध नाही. माझ्या चित्रात १८९०चा दगड, अमेरिकेचं कॉमिक आणि २०२०चा चहाचा डाग एकाच कागदावर नांदत होते.

मग बसलो आम्ही दोघं भिंग घेऊन. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग आहे काकांकडे, अजून शर्टाच्या खिशात असतं. त्यातून पत्रिका बघायला लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं की जुनेपणा नावाचं वेगळं काही त्या कागदात नाहीच. जे दिसतं त्याला काहीतरी कारण आहे, आणि ते कारण यंत्रात, शाईत, खिळ्यात किंवा हवेत आहे.

अक्षरांच्या कडेला शाईची गडद किनार होती आणि मध्ये किंचित फिकं, कारण दाब बसला की शाई कडेला सरकते. मागून बोट फिरवलं तर उठाव लागत होता. 'क'च्या आतली पोकळी जवळजवळ बुजलेली. मोठ्या लाल पट्ट्यात वरच्या बाजूला रंग भरदार आणि खाली येईपर्यंत थकलेला, मध्ये मीठ सांडल्यासारखे पांढरे कण. "रुळाला शाई पुरत नाही. ट्रेडलची तबकडी केवढीशी! एवढा सपाट भाग मारायचा म्हणजे शेवटी उपाशीच राहणार तो," काका म्हणाले.

आणि लाल रंग काळ्या रेषेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर आला होता. इथे मी खूश झाले, कारण हे मला ठाऊक होतं. रजिस्टर हललंय, म्हणजे एका रंगाचा दुसऱ्याशी मेळ चुकलाय! माझ्या चित्रातही मी तिन्ही रंग तीन दिशांना ढकलले होते. काकांनी मान हलवली. रंग असे दिशा दिशांना पळत नाहीत म्हणाले. आधी सगळे कागद लाल रंगात काढायचे, मग रूळ रॉकेलने धुवायचे, काळी शाई लावायची आणि दुसऱ्या दिवशी तेच कागद पुन्हा एकेक करून हाताने यंत्राला द्यायचे. कागद टेकणीला नीट टेकला नाही की अख्खा रंग एका बाजूला सरकतो, आणि बहुतेक वेळा नुसता सरकत नाही, जरासा फिरतो. एका कोपऱ्यात बरोबर असतो आणि समोरच्या कोपऱ्यात घसरलेला. त्यात मंडळांच्या पत्रिका छापायच्या श्रावणात. पावसाळी हवेत कागद ओल पिऊन ताणतो. काल लाल मारताना होता त्या मापाचा आज राहत नाही.

"पण आम्ही ज्यासाठी मालकाच्या शिव्या खाल्ल्या," काका भिंग पुसत म्हणाले, "ते तुला मुद्दाम करायचंय?"

मी हो म्हटलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

चित्र पुन्हा पहिल्यापासून केलं. यावेळी फोटोशॉपला मी छापखाना समजले. दोनच शाया, म्हणजे दोनच थर, लाल आणि काळा. बाकी सगळे रंग टाकून दिले. हे लिहायला सोपं आहे, पण माझ्या मूळ चित्रात एकवीस रंग होते आणि बत्तीचा पिवळा उजेड हा सगळ्या चित्राचा जीव होता. तो गेला. त्याच्या जागी कागदच ठेवला, कोरा, आणि भोवती काळ्या रेघा दाट केल्या. उजेड आला. फेट्यांना गुलाबी हवा होता, तर लाल रेघा जवळजवळ ओढल्या. लाल थरावर काळा थर मल्टिप्लायमध्ये, म्हणजे खालचा रंग त्यात मिसळेल असा ठेवला की दोन्ही एकमेकांवर येतात तिथे एक तपकिरीकडे झुकणारा काळा तयार होतो. तो फुकटचा तिसरा रंग. काळाही पूर्ण काळा ठेवला नाही. पत्रिका स्कॅन करून त्यातला सर्वांत गडद भाग मोजला, तर तो कोळशासारखा करडा निघाला.

मापं सांगते, कारण इथे घोळ होतो. अंकाचा आकार सव्वासात बाय साडेनऊ इंच, ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल धरून, ४३५० बाय ५७०० पिक्सेल. एवढी मोठी फाइल नको वाटते, पण शाईचा स्वभाव त्याहून लहान फाइलमध्ये उतरत नाही. प्रत्येक थर आधी दोन पिक्सेलने धूसर करायचा, गॉसियन ब्लर, आणि लगेच थ्रेशोल्ड लावून, म्हणजे करडं सगळं काळं नाहीतर पांढरं करून, पुन्हा कडक करायचा. आयपॅडच्या पेनाची टोकदार टोकं त्यात गोलसर होतात, दोन रेषा जिथे भेटतात तिथे शाई साचल्यासारखी दिसते, बारीक पोकळ्या बुजतात. सबंध कामात सर्वांत कमी मेहनतीची आणि सर्वांत जास्त फरक पाडणारी गोष्ट ही. मीठ फक्त मोठ्या लाल पट्ट्यात टाकलं, खालच्या बाजूला जास्त. आणि सगळं झाल्यावर लाल थर उजवीकडे बारा पिक्सेल, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर सरकवला आणि अंशाचा पाचवा हिस्सा फिरवला. एवढंच.

अक्षरांनी मात्र आठवडा खाल्ला.

मराठी मजकूर जुना दिसावा यासाठी काय करायचं हे इंग्रजी अक्षरांचे धडे देणारे लोक सांगूच शकत नाहीत. पत्रिकेतली ओळ भिंगाखाली धरली तर शिरोरेषा अखंड नाही. जिथे दोन खिळे एकमेकांना भिडतात तिथे केसाएवढी फट आहे. एखादा खिळा झिजलेला, म्हणून ते अक्षर जरा फिकं. एखादा किंचित वर बसलेला. रफार आणि वेलांट्यांची टोकं तुटलेली, कारण खिळ्याच्या अंगाबाहेर आलेला तो नाजूक भाग आधी मोडायचा. आपल्या आजच्या फाँटमध्ये शिरोरेषा पट्टीने मारल्यासारखी सलग असते, आणि डोळ्याला कळत नसलं तरी त्यानेच सगळं आजचं वाटतं. मी मजकूर आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत बदलला आणि प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषा कापली. सगळीकडे सारखी कापली तर ती पुन्हा यंत्राची दिसते, म्हणून काही सांधे तसेच सोडले. दोन अनुस्वार अर्धे खाल्ले. एक रफार तोडला.

त्याआधी आणखी एक भानगड. फाँट हिंदी वळणाचा उमटत होता. आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' यांच्याऐवजी दंडाला चिकटलेले त्यांचे हिंदी भाऊ. पुष्कळ फाँटांमध्ये दोन्ही रूपं असतात, मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की बदलतात. मी हे तीन वर्षं न करता पोस्टरं करत होते, कुणाला सांगू नका.

शुद्धलेखनाचा विचार मला काकूंमुळे सुचला. त्या चहा ठेवायला आल्या, पत्रिका वाचली आणि म्हणाल्या, "अनुस्वार बघ किती!" आता आपण लिहितो ते नियम १९६२चे. त्याच्या आधी न उच्चारले जाणारे अनुस्वारही लिहायचे. मग १९५०च्या मुखपृष्ठावर 'मंडळाचे हे पंच्याहत्तरावे वर्ष' कसं चालेल? मी 'मंडळाचें हें पंच्याहत्तरावें वर्ष' केलं, खाली 'सालाबादप्रमाणें' घातलं. मसुदा मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि अर्ध्या तासात खजिनदारांचा फोन. "ताई, चित्र फर्स्टक्लास. पण शुद्धलेखनाच्या चुका फार राहिल्यात हो. टिंबं जास्त पडलीत." त्यांना समजावलं. मग सल्लागारांचा फोन, तीच तक्रार. मग एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा. त्यांना मात्र आनंद झाला होता, आणि त्यांनी माझा एक राहून गेलेला अनुस्वार सांगितला.

ठिपके अध्यक्षांना दिलेच. पहिल्या अध्यक्षांचा फोटो मागच्या मुखपृष्ठावर होता. फोटो ग्रेस्केलमध्ये नेऊन बिटमॅप केला, म्हणजे नुसता काळा-पांढरा, हाफटोन स्क्रीन, इंचाला ठिपक्यांच्या ६५ रांगा, ४५ अंशांत तिरप्या, गोल ठिपका. चार रंगांची छपाई असती तर निळा १५, किरमिजी ७५, पिवळा शून्य असे कोन लावावे लागले असते. काळा ४५वर ठेवतात, कारण तिरप्या रांगा डोळ्याला कमी खुपतात आणि काळाच सर्वांत जास्त दिसतो. मला एकाच शाईचं काम होतं. एक बारकावा तेवढा पत्रिकेत बघून उचलला. जुन्या ब्लॉकमध्ये फोटोचा पांढरा भाग कधी पूर्ण कोरा नसतो, तिथेही टाचणीच्या टोकाएवढे ठिपके राहतात, आणि काळ्यात बारीक पांढरी भोकं. म्हणून बिटमॅप करायच्या आधी दोन्ही टोकं जरा आत ओढून घेतली. अध्यक्षांची टोपी एकदम पंचाहत्तर वर्षं मागे गेली.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर त्याच टोपीवर विणलेल्या स्वेटरसारखी चौकडी उमटली. मोठी फाइल लहान होताना ठिपके आणि पडद्याचे पिक्सेल यांची मारामारी होते. उपाय एकच. फोनसाठी वेगळी फाइल, आधी चित्र लहान करायचं आणि मगच ठिपके पाडायचे. ठिपके पडल्यावर आकाराला हात लावायचा नाही.

कागदाचं टेक्स्चर मी इतक्या प्रेमाने केलं होतं! मंडळाच्या कपाटातल्या कोऱ्या पावतीचा मागचा भाग स्कॅन करून, कडा तपकिरी करून. फाइल घेऊन छापखान्यात गेले. तिथल्या माणसाने पडद्यावर बघितलं आणि विचारलं, "हा पिवळा कागद पांढऱ्या कागदावर छापायचा?" प्रश्न साधा होता, पण मला उत्तर सुचेना. चकचकीत आर्ट कार्डावर चार रंगांचे ठिपके मारून खोटा जुना कागद काढायचा, त्यावर माझी दोन शायांची खटपट पुन्हा ठिपक्यांत फोडायची, अध्यक्षांच्या ठिपक्यांवर आणखी ठिपके! तोच म्हणाला, दोनच प्लेटी करा, एका शाईला एक, नॅचरल शेडचा जाड कागद घ्या, लाल शाई वेगळी लावून देतो. खर्चही कमी.

टेक्स्चर काढून टाकलं. दोन्ही थर १२०० डीपीआयला नेले, तिथे पुन्हा थ्रेशोल्ड लावला, फोटो मुळापासून त्याच मापाला पुन्हा बिटमॅप केला, आणि करड्या छटा नसलेल्या, शाई आहे किंवा नाही एवढंच सांगणाऱ्या दोन फायली दिल्या. अशा फाइलला पुन्हा ठिपके पाडावे लागत नाहीत, जशी आहे तशी प्लेटवर उतरते. रजिस्टरच्या खुणा जुळवलेल्या, आणि त्या खुणांच्या आत माझा लाल थर अर्धा मिलिमीटर घसरलेला, जरासा फिरलेला. पहिल्या दिवशी लाल रंग निघाला तेव्हा मी हजर होते. विटकरीकडे जाणारा, पत्रिकेसारखाच लाल. दुसऱ्या दिवशी काळा होता. मला एका कामासाठी कोथरूडला जायचं होतं. म्हटलं, आता काय बिघडणार आहे?

दुपारी मशीनमनचा फोन आला. आवाजात काळजी आणि थोडा अभिमान. "मॅडम, तुमची आर्टवर्कमध्येच गडबड होती. खुणा जुळवल्या तरी लाल बाहेर येत होता. शंभरेक कागद गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. मग खुणा सोडल्या आणि प्लेट फिरवून चित्रावर जुळवली. आता बघा, केसाचा फरक नाही."

हजारातल्या नऊशे प्रती तशा निघाल्या. मी त्याला काहीच बोलले नाही, काय बोलणार? घसरलेल्या शंभर बाजूला ठेवून घेतल्या आणि प्रकाशनाच्या दिवशी काकांकडे दोन्ही घेऊन गेले, एक माझी आणि एक त्याची. त्यांनी खिशातून भिंग काढलं. माझी प्रत बघितली, ठीक आहे अशी मान हलवली. मग दुसरी धरली. बत्तीजवळ, फेट्यांच्या कडेने, महिरपीच्या चारही कोपऱ्यांतून भिंग सावकाश फिरवलं.

"हा मशीनमन कुठला गं?" त्यांनी विचारलं. "हात चांगला आहे त्याचा."